डीटर आजोबांचा गॅस

आम्ही इथे परदेशात राहतो त्या टार्निटच्या आमच्या शेजाऱ्यांची गंमत तुला सांगितलीच नाही ना? डीटर आजोबा जर्मनीत मोटारसायकल रेसर होते. त्यांच्या रेसच्या गाड्यांना ब्रेकच नसायचे म्हणे.

लॉकडाउनमध्ये आईचा ड्रायव्हिंगचा क्लास बंद पडला. लायसन्स नसेल तर तिची हॉस्पिटलमधली नवी नोकरी जाणार होती. म्हणून बाबांना शेजारी बसवून ती आमच्या गल्लीतच शिकायची. मी मागच्या सीटवर. गाडी बैलगाडीसारखी चाललेली. शेवटी डीटर आजोबांना राहवेना. मास्क खाली ओढून ते कुंपणावरून ओरडले, "गॅस! गॅस!"

आईने करकचून ब्रेक दाबला. "अगं बाई, दूध!" म्हणत ती गाडीचं दार उघडं टाकून घरात पळाली. गॅस बंदच होता.

"अगं, ते ॲक्सिलरेटर दाब म्हणत होते. जर्मनीत त्यालाच गॅस म्हणतात," बाबा हसत म्हणाले.

"मग तसं म्हणावं ना!"

डीटर आजोबा मला म्हणाले, "गॅस म्हटल्यावर गाडी सोडून पळणारा रायडर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला."

आई टेस्ट पास झाली. घरी येताच तिने चहा ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन ओरडली, "डीटर, गॅस!"

आजोबा स्वतःचा कप घेऊनच आले.