चौकोनी मीठ

काकू : मीठ कुठाय, एवढंच विचारतेय मी. सरळ प्रश्न आहे.

काका : चौकोनी डब्यात.

काकू : इथं डब्यांचं गाव वसवलंय तुम्ही. त्यातला चौकोनी कुठला?

काका : एकच आहे चौकोनी. बाकी सगळे गोल. मधली फळी, डावं टोक.

काकू : अहो, माझं मीठ लग्नापासून काचेच्या बरणीत आहे. ती बरणी कुठं गेली?

काका : काच सगळी माळ्यावर टाकली.

काकू : मी जरा बाजारात काय गेले, तुम्ही अख्खं स्वयंपाकघर उचलून गॅरेजमध्ये आणलंत. गाडी ढकलत नेलीत बाहेर झाडाखाली, तिच्यावर पाखरं घाण करतायत, आणि तिच्या जागी तांदूळ-साखर बसलेत ऐटीत. उद्या लेक येतेय, आठवतंय ना?

काका : म्हणून तर घाई केली.

काकू : घाई केली. हा पसारा बघितला की ती पहिलं वाक्य काय बोलेल, सांगू? ‘आई, आता तुमच्याच्यानं होत नाही. घर विका आणि माझ्याकडे चला.’ गेल्या वेळी नुसता नळ गळताना बघितला, तर परत जाऊन आपल्यासाठी खोली रिकामी करून ठेवली तिनं. मला नाही जायचं त्या खोलीत. मला माझ्या चुलीपाशी राहायचंय.

काका : मग एवढंच कर. हात लावू नकोस कशाला.

सुतार : काकू, जरा बाजूला होता का? ड्रिल चालवायचंय.

काकू : थांबा हो, दादा. तुम्हाला कामाला लावलं कुणी? मी तर नाही.

सुतार : काकांनी बोलावलं. मी आपला सांगितल्या कामाचा माणूस. मला मध्ये घेऊ नका.

काकू : मध्येच उभे आहात तुम्ही. या डब्याला रबरबँड कशाला? हे काय, पार्सल आहे?

काका : चहा आहे. चहाला रबरबँड.

काकू : साखरेला?

काका : साखर मोकळी. डब्यावर काही नाही.

काकू : आणि खाली बादलीच्या कडीला सुतळी बांधलीय ती?

काका : कपड्यांचा साबण. सुतळी हाताला लागली की समजायचं, ही खायची वस्तू नाही.

काकू : साबण खायचा नसतो हे मला सुतळीनं सांगायला हवं? हात टेकले बाई तुमच्यापुढं. निवृत्त झालात, आता जरा स्वस्थ बसाल असं वाटलं होतं. तर गोदाम घरात आणलंत.

काका : गोदामात दिवे गेले तरी आम्ही बरोबर माल काढायचो. वस्तू जागच्या जागी असली की शोधायला डोळे लागत नाहीत.

काकू : पण इथं दिवे आहेत ना? डोक्यावर एवढी लांब ट्यूब लावलीत. डॉक्टरांच्या ऑपरेशनला पुरेल इतका उजेड आहे.

काका : ती कालच लावली.

काकू : माझ्या नाही लक्षात आलं.

काका : हो. ते माझ्या लक्षात आलं.

काकू : काय म्हणालात?

काका : काही नाही. दादा, पट्टी बसवा.

सुतार : बसवतो. पण काका, या खाचा जरा ओबडधोबड दिसतात हं. फळीच्या कडेला अशा खाचा मी आजवर कुणाकडे मारल्या नाहीत. पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून देऊ?

काका : नको. राहू द्या तशाच.

काकू : फळीला खाचा कसल्या? नवीन लाकूड कुरतडायला काय उंदीर कमी पडले?

सुतार : एका खाचेसमोर एक डबा, काकू. मी म्हटलं काकांना, त्यापेक्षा रंगानं खूण करू, छान दिसेल. तर काका म्हणाले, हाताला लागल्या पाहिजेत, दिसल्या नाहीत तरी चालतील.

काकू : दिसल्या नाहीत तरी चालतील?

सुतार : असं म्हणाले बुवा.

काकू : दादा, तुम्ही जरा बाहेर जाऊन या.

सुतार : पट्टी अर्धीच बसलीय, काकू. सोडली तर खाली येईल. मी धरून उभा राहतो, ऐकत नाही.

काकू : अहो. इकडे बघा. कुणाला दिसायचं नाही?

काका : मी डबे लावतोय.

काकू : ठेवा तो डबा खाली. कुणाला दिसायचं नाही, ते सांगा.

काका : तू त्या दिवशी शिंप्याकडे गेलीस म्हणालीस.

काकू : गेले होते.

काका : ब्लाउज कुठाय?

काकू : झाला नाही अजून.

काका : डोळ्यांच्या डॉक्टरकडे ब्लाउज शिवत नाहीत.

काकू : कोण म्हणालं डॉक्टरकडे? मागावर होतात माझ्या?

काका : कशाला जाऊ मागावर? अंदाज बांधला. घरात दिसत नाही का मला? तू गाडी सोडलीस. मला कधी येत नव्हती, तूच चालवायचीस, कुणाला हात लावू द्यायची नाहीस. एकदम म्हणायला लागलीस, गिअर जड झालाय.

काकू : झालाय जड.

काका : मेकॅनिकला दाखवला. लोण्यासारखा पडतोय. मग चहात मीठ.

काकू : एकदाच.

काका : दोनदा.

काकू : पहिल्यांदा मी लगेच ओतून दिला होता. दुसऱ्यांदा कधी?

काका : मी प्यायलो.

काकू : सगळा?

काका : तू समोर बसली होतीस. गरम होता तोवर गेला.

काकू : वेडे आहात का? रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या. तोंडातून शब्द फुटला नाही?

काका : तू सांगशील म्हणून थांबलो होतो. नाही सांगितलंस. मग म्हटलं, मीठ तरी चौकोनी करू.

सुतार : काका, स्क्रू द्या ना एक. हात भरून आला.

काका : हा घ्या.

काकू : एवढ्यावरून ओळखलंत तुम्ही?

काका : नाही. हल्ली तू माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतेस.

काकू : ऐकू जातंय का ते बघते. कधी जात नाही.

काका : उडवू नकोस.

काकू : सरळ बघितलं की तुम्ही जाता. चेहऱ्याच्या जागी कुणी ओला बोळा फिरवल्यासारखं होतं. कानाकडे बघितलं की कडेनं येता जरासे. नाक येतं, मिशी येते. म्हणून कानाकडे बघते. झालं समाधान?

काका : डॉक्टर काय म्हणाले?

काकू : गेलेलं परत यायचं नाही. आहे ते टिकवायला इंजेक्शनं. डोळ्यात. ऐकूनच मी उठून आले.

काका : एकटी आलीस? रस्ता ओलांडून?

काकू : मग काय, तिथंच राहू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सुरी काढून घेतली असती हातातून. लेकीनं तर कुलूपच लावलं असतं घराला. मला एका खुर्चीत बसवून सगळे मिळून ‘आईला हवं का काही’ करत बसले असते. ते नकोय मला. भीती वाटते मला त्याची, डोळ्यांपेक्षा जास्त.

काका : सुरी कुठाय, विचार.

काकू : कुठाय?

काका : ओट्यापाशी, उजवीकडे, मूठ तुझ्याकडे. जिथं होती तिथंच. ती हलवली नाही मी.

काकू : बाकी घर हलवलंत.

काका : बाकीचं तुझ्या डोक्याच्या वर होतं. स्टुलावर चढून चाचपडायचीस. इथं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंत. स्वयंपाकघराचं दार उघडलं की दोन पावलांवर. जमिनीवर काही नाही, पायात काही येणार नाही.

काकू : ती बादली आहे.

काका : बादली फळीखाली आहे.

काकू : इंजेक्शनाला तुम्ही येणार का बरोबर?

काका : रिक्षा सांगून ठेवलीय सोमवारची.

काकू : मला न विचारता?

काका : तू शिंप्याकडे मला विचारून गेली होतीस?

सुतार : काकू, बसली पट्टी. हात फिरवून बघा. काही टोचतं का ते सांगा फक्त.

काकू : टोचत नाही. ही पहिली खाच कसली?

काका : चहाची.

काकू : चहा इतक्या लांब? अहो, चहा दिवसातून किती वेळा लागतो या घरात? तो दाराशी हवा. साबणाचा आणि पिठाचा एका रांगेत संबंध नको, मग सुतळी असो नाहीतर साखळदंड. आणि तांदूळ खाली घ्या, जड डबा उचलताना माझी पाठ जाते. गोदामात काम केलंत, स्वयंपाक कुठं केलाय कधी?

काका : दादा, तांदूळ खाली.

काकू : आणि उद्या लेकीला मी सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, खोकायचं पण नाही. आधी मी तिला इथून सगळं काढून चहा करून देणार. तो तिनं पिऊन झाला की मग सांगणार.

काका : बरं.

काकू : आणि तुम्हाला सांगते, चहा बिघडला तर बोलायचं. तिथल्या तिथे. गपचूप प्यायचा नाही.

काका : बरं म्हटलं ना.

सुतार : मग काकू, सगळं परत लावायचंच आहे, तर मीठ पण तुमच्या बरणीत भरून देऊ का? माळ्यावरून काढतो.

काकू : नको. मीठ चौकोनीच राहू दे.