चढाचा गोळा

वहिनी : याला अठ्ठावीस. त्यालाही अठ्ठावीस.

भाऊजी : काय अठ्ठावीस?

वहिनी : दाते. आपल्या पिकअपचा मोडलेला शाफ्ट हा, आणि तुम्ही भंगारातून आणलेल्या एक्सलचा हा. दोन्हींच्या टोकाचे दाते मोजले. तुम्ही म्हणाला होतात, त्याचे एकतीस आहेत, आपल्या गाडीत बसायचा नाही.

भाऊजी : शाफ्ट बाहेर काढलात तुम्ही? एकट्यानं?

वहिनी : चार नट तर होते. तुम्ही बँकेत गेलात तेवढ्यात काढला. ड्रम हलेना, म्हणून जरा ठोकला. मग निमूट आला.

भाऊजी : जुना माल असतो, गंज चढलेला असतो. मोजताना चुकतं माणूस.

वहिनी : म्हणूनच खडूनं एका दात्यावर खूण केली आणि तिथून सुरुवात केली. परत एकदा उलटं मोजत आले. घ्या, तुम्ही मोजा.

भाऊजी : हात धुऊन येतो आधी.

वहिनी : गॅरेजात काम झाल्यावर हात धुतात, भाऊजी. आधी नाही.

भाऊजी : बरं, असतील अठ्ठावीस. पण नुसते दाते जुळून भागत नाही. तुम्ही काढलाय तो उजवीकडचा. आपला मोडलाय डावीकडचा.

वहिनी : दोन्ही सारखे नसतात?

भाऊजी : नसतात. एक्सलच्या पोटात तो गोळा दिसतोय ना, गिअरचा? इंजिनाची ताकद तिथे येते आणि तिथून या दोन शाफ्टमधून दोन्ही चाकांना जाते. तो गोळा बरोबर मधोमध नसतो, थोडा एका अंगाला असतो. म्हणून एक शाफ्ट लांब, एक आखूड. तुम्ही काढलेला बसवला असता तर आतपर्यंत पोचलाच नसता.

वहिनी : हे मला माहीत नव्हतं.

भाऊजी : तेच म्हणतोय मी.

वहिनी : म्हणजे त्याचा डावीकडचा बसेल.

भाऊजी : आता बघावं लागेल.

वहिनी : भाऊजी. बसेल का?

भाऊजी : बसेल.

वहिनी : कधी कळलं?

भाऊजी : भंगारवाल्याकडेच. गोळ्याचे बोल्ट बघितले, स्प्रिंगच्या पाट्यांमधलं अंतर बघितलं, ड्रमची भोकं बघितली. आपल्याच कंपनीचा आहे, नंतरच्या मॉडेलचा. न बघता एवढं धूड कोण घरी आणेल?

वहिनी : आणि मी इतके दिवस बसनं पायथ्यापर्यंत जातेय. तिथून पायी वर, डोंगरावरच्या मधपेट्यांपर्यंत. येताना दोन्ही हातांत मधाचे डबे. आणि बसणारा शाफ्ट इथे ताडपत्रीखाली पडून आहे.

भाऊजी : बोला मला. काय बोलायचं ते बोला.

वहिनी : बोलत नाहीये. विचारतेय.

भाऊजी : त्या दिवशीही असंच. चढावर शाफ्ट मोडून चाक निखळलं आणि तुम्ही मला फोन केलात. काय म्हणालात, आठवतंय?

वहिनी : चाक निखळलंय, या.

भाऊजी : येताना साबण घेऊन या म्हणावं तसं. मी धापा टाकत पोचलो, तर तुम्ही कठड्यावर बसून केळं खात होतात.

वहिनी : भूक लागली होती. आणि पिकअपला काय, तिथेच उभी होती बिचारी.

भाऊजी : बिचारी! चाक घरंगळत दरीत गेलेलं. ते आणायला मी खाली उतरलो. तुम्हाला वरून झुडपं दिसली असतील फक्त. मी खालून वर बघितलं. गाडीचा मागचा कोपरा रस्त्याच्या बाहेर होता. तिच्या पोटाखालून मला आकाश दिसत होतं, वहिनी.

वहिनी : हे तुम्ही सांगितलं नाहीत.

भाऊजी : काय सांगणार? खांद्यावर चाक होतं.

वहिनी : म्हणून शाफ्ट लपवलात.

भाऊजी : लपवला नाही. इथेच तर आहे. दाते चुकीचे सांगितले.

वहिनी : हो, ते अगदीच वेगळं.

भाऊजी : आणि दुसरं एक. गाडी ओढून आणायची म्हणून मागचं सामान मी दुसऱ्या गाडीत भरलं. मला वाटलं, मधमाश्यांच्या पेट्या असतील, रिकाम्या चौकटी असतील. तर निघाली गादी. शेगडी. आणि शिलाई मशीन.

वहिनी : मग?

भाऊजी : चार दिवस जाऊन येते म्हणालात. चार दिवसांसाठी शिलाई मशीन कोण नेतं?

वहिनी : चार दिवसांसाठी नव्हतेच चालले मी.

भाऊजी : तेच. मला ते गाडीच्या मागे बघून कळलं. दादा जाऊन तीन वर्षं झाली, तुम्ही इथेच आहात. घरात, गॅरेजात, हिशेबात, सगळीकडे. आणि मुक्काम हलवताय हे मला शिलाई मशीन सांगतं.

वहिनी : सांगणारच होते.

भाऊजी : कधी? वरून फोन करून?

आई : काय चाललंय रे? चहा आणलाय. हा शाफ्ट वाटेत कुणी टाकला, पाय अडकला असता माझा.

वहिनी : मी टाकला, आई. थांबा, उचलते.

आई : बसवला का मग डावीकडचा?

भाऊजी : तुला काय माहीत डावीकडचा?

आई : तूच परवा सांगत होतास की जेवताना. डावीकडचा आहे, बसतोय, एका दिवसाचं काम आहे, पण हात लावत नाही म्हणून.

वहिनी : अच्छा. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आई : सगळ्यांना म्हणजे मला. मी म्हटलं, तुझं तू बघ. मला त्या लोखंडातलं काही कळत नाही.

वहिनी : आई, तुम्हाला ठाऊक आहे मी वर राहायला चाललेय ते?

आई : माळ्यावरची मोठी पातेली खाली आली, तेव्हाच समजले. एकट्या बाईला पाहुण्यांची पातेली कशाला हवीत, हे मात्र नाही समजलं.

वहिनी : मध गाळायला.

आई : बघ! हे विचारलं असतं तर झाकणंही दिली असती.

भाऊजी : आई, तू वहिनींना थांब म्हणायचं सोडून झाकणं काय देतेस?

आई : का थांब म्हणू? काय गं, इथे काही कमी पडलं का तुला?

वहिनी : नाही.

आई : कुणी काही बोललं?

वहिनी : तेच तर झालंय, आई. कुणी काही बोलत नाही. हे गेल्यापासून मी स्वयंपाकघरात आले की बोलणं थांबतं, मग कुणीतरी हवापाण्याचं काढतं. भाजी खारट झाली तरी छान झालीय म्हणतात. तीन वर्षं माझी भाजी एकदाही बिघडली नाही. असं असतं का कुठे?

आई : परवाची खारटच होती.

वहिनी : हो ना?

आई : तोंडात घालवेना.

वहिनी : वर पेट्यांशी जरा इकडेतिकडे हात झाला तर माशी लगेच डंख मारते. बरं वाटतं. रागवू नका, नीट सांगता येत नाहीये मला. इथं वाईट काही नाही. पण इथं मी त्यांची मागे राहिलेली बायको आहे. तिथं कुणी मला ओळखतच नाही. आता फुलोरा सुरू झालाय, पेट्या भरत आल्यात. वेळेवर गाळलं नाही, जागा करून दिली नाही, तर अर्ध्या माश्या उठून जातील. रोज खालून वर जाऊन मला ते जमत नाही.

भाऊजी : आणि परत चाक निखळलं तर?

वहिनी : म्हणून तर तुमच्याकडून बसवून घेतेय. दुसऱ्या कुणाकडे गेले असते तर गेल्या महिन्यातच झालं असतं.

आई : चहा प्या, गार होतोय. आणि तू रे, तुझ्या मनात काय आहे ते एकदा नीट बोल. कोपऱ्यात दाते मोजत बसू नकोस.

भाऊजी : मला भीती वाटते. झालं?

आई : झालं. मलाही वाटते. चहात साखर आहे का बघ.

भाऊजी : वहिनी, मग नीट ऐका. आता दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे नुसता डावीकडचा शाफ्ट बदलायचा, नवीन बेअरिंग, नवीन सील. गाडी होती तशी होईल. पण आपल्या म्हातारीत जो गोळा आहे...

आई : कुणाला म्हातारी म्हणतोस?

भाऊजी : गाडीला, आई, गाडीला. तर तो गोळा जोरात पळण्यासाठीचा आहे. दादानं हौसेनं टाकलेला. सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी जायची.

वहिनी : मी शेजारी डोळे मिटून बसायचे.

भाऊजी : पण चढाला तो कामाचा नाही. इंजिन रडतं, क्लच जळतो, लोड असला की शाफ्टवर ताण येतो. आता हा भंगारातला बघा. इकडे या. मी चाकाच्या बाजूला ड्रम बघतो, तुम्ही हे पुढचं तोंड फिरवा, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात. ड्रमचा एक फेरा पुरा होईपर्यंत मोजा.

वहिनी : एक... दोन... तीन... चार. चारच्या जरा वर.

भाऊजी : आपल्या गाडीचं तीनसुद्धा भरत नाही. म्हणजे हा गोळा हळू चालतो, पण ओढतो. चढाचा गोळा आहे हा. दात्यांची झीज पण बघितली मी, चांगला आहे.

वहिनी : तो आपल्या एक्सलमध्ये बसेल?

भाऊजी : बसेल. दोन्ही शाफ्ट ओढायचे, पुढचा दांडा सोडवायचा, गोल फिरून नट काढले की जुना गोळा समोरून बाहेर येतो. हा त्याच जागी जातो. पण एक सांगतो. हा बसवला की ही गाडी शहरातली राहणार नाही. मोठ्या रस्त्यावर सगळे तुम्हाला मागे टाकतील. येऊन-जाऊन राहणार असाल तर नुसता शाफ्ट पुरे. तिथेच राहणार असाल तर गोळा बदलू. तुम्ही सांगा.

वहिनी : तुम्हाला काय वाटतं?

भाऊजी : मला विचारू नका. मी परत चुकीचे दाते सांगेन.

वहिनी : यांचा गोळा काढायचा म्हणजे...

भाऊजी : फेकणार नाही. तेल लावून ठेवीन.

वहिनी : नको. कुणाला हवा असेल तर देऊन टाका. पळणाऱ्या माणसाला द्या.

आई : बदल रे. ती काय म्हणतेय ते ऐकू आलं ना?

भाऊजी : आलं. वहिनी, तो सोळाचा पाना द्या. नाही, त्याच्या शेजारचा. आणि खाली पत्र्याचं घमेलं सरकवा, जुनं तेल येईल. वास येतो त्याला, पदर सांभाळा.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. पिकअप चारही चाकांवर उभी आहे, मागे सामान बांधलेलं.)

भाऊजी : हे बघा, वेगाचा काटा आता खोटं सांगेल. साठ दाखवला तर खरे चाळीस समजा.

वहिनी : म्हणजे घाबरायला साठचं आणि जायला चाळीसचं.

भाऊजी : थट्टा नको. पहिले काही दिवस फार लोड घालू नका. वर पोचलात की डावीकडच्या ड्रमला हात लावून बघा. कोमट असला तर ठीक. चटका बसला तर तिथेच थांबायचं आणि मला फोन.

वहिनी : काय म्हणू फोनवर?

भाऊजी : ओरडा. जरा घाबरल्यासारखं बोला. माणसाला बरं वाटतं.

आई : ही झाकणं. दोन सापडली, तिसरं कुठे गेलं देव जाणे. आणि वर काही शिजवलंस तर मीठ हात राखून टाक.

वहिनी : आई, तुम्ही येणार ना राहायला?

आई : माश्या चावतात म्हणालीस.

वहिनी : चावतात.

आई : मग फुलोरा संपला की येते. नीघ आता. उभ्या उभ्या रडायला लागलीस तर तुझं मशीन मी उतरवून घेईन.

वहिनी : नाही रडत. भाऊजी, येते.

भाऊजी : या. कठड्यापाशी आतल्या बाजूनं चालवा.

आई : गेली?

भाऊजी : गल्लीच्या तोंडाशी आहे. पहिला गिअर टाकला.

आई : तू इथून कसं ओळखतोस?

भाऊजी : आवाजावरून. आता दुसरा. जरा घाई केली. तिसरा टाकला. आता मोठ्या रस्त्यानं चाललीय.

आई : बरी चाललीय का?

भाऊजी : एकसारखी. थांब, बोलू नकोस. आता मोठ्या रस्त्यावरचा छोटा चढ लागला. परत दुसऱ्यावर आली. इंजिन रडत नाहीये.

आई : आणि आता?

भाऊजी : आता ऐकू येत नाही काही.

आई : मग चल, हात धुऊन घे. पानं वाढते.