आठवी पट्टी

सुरतेत पांडेसऱ्याहून लिंबायतला जाणाऱ्या रिक्षात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर साडीच्या काठांच्या लांब रंगीत पट्ट्या होत्या.

"रंभाकाकू, गोफाच्या खांबाला यंदा सातच पट्ट्या बांधते. तुमची दीप्ती देवाघरी गेल्यापासून आम्ही सातच जणी उरलो."

"आठ बांध, धनश्री. सात जणींत एकीला जोडी राहत नाही, गोफ विणला जात नाही."

"आठवी कोण धरणार?"

"मी."

"तुम्हाला पावलं येतात?"

"गच्चीवरच्या पाइपाला ओढण्या बांधून माझी लेक सराव करायची. समोरून मीच फिरायचे."

"मग झालंच की! विणून झाला की उलटं फिरून सोडवायचा, एवढंच."

"विणायला येते मी, माय. सोडवताना मात्र माझी पट्टी दुसऱ्या कुणाला दे."