ओट्यासमोरचे खडे

सन्माननीय अध्यक्ष हाज खलाफ, सोहाग शहराहून उन्हातान्हाचा प्रवास करून आलेल्या प्रमुख पाहुण्या अवातिफबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांच्या इनायतबाई, समोर बसलेले गावकरी, आणि पहिल्या रांगेत एकमेकींना कोपरानं ढोसणाऱ्या मुलींनो, सर्वांना माझा सलाम.

मी मर्झूक, गिरणीवाला. चाळीस वर्षं चक्कीच्या आवाजावर ओरडून बोलतोय, त्यामुळे माइक जरा लांबच धरतो.

बाईंनी आपल्या युवा केंद्रात अकरा वर्षं मुलींचे खेळ घेतले. आठवड्यातून दोन दुपारी. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. बाईंनी झगा खोचला, दोरीची दोन टोकं दोघींच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "मी एकोणपन्नासची आहे. पडले तर तुम्ही हसा. नाही पडले तर तुमची पाळी." बाई पडल्या नाहीत. ही हकिकत गावभर झाली, आणि खरं सांगतो, आम्ही पुरुष हसलो. वयात आलेल्या मुलींना खेळ कशाला हवेत? असं विचारणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो का मोठा, ते सांगितलंच आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी विसाल तेव्हा चौदा वर्षांची होती. आठवीतून तिनं शाळा सोडली होती. "डोकं दुखतं, पुस्तकात मन लागत नाही," म्हणायची. मला वाईट वाटलं का? नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलासाठी तिला मागणी आली होती, आणि मी होकार देण्याच्या बेतात होतो. खेळाला मात्र ती न चुकता जायची. परतायची ती घोट्यापर्यंत चिखलानं भरलेली. माझी बायको अफकार रागवायची, "रस्ता सोडून शेतातून कशाला येतेस गं?" ती पाय धुऊन आत जायची.

एक दिवस बाईंनी निरोप पाठवला: खेळासाठी ओंजळभर गहू हवेत. गहू काय खेळायची वस्तू आहे? चार शब्द सुनवावेत म्हणून मी स्वतःच गहू घेऊन निघालो.

पोचलो तर वीसेक मुली जमिनीवर उकिडव्या बसलेल्या. खडूनं अख्खं गाव काढलेलं. कालवा, मशीद, शाळा, बाजार. बाई म्हणाल्या, "या, मर्झूकभाऊ. जिथून बिनघोर चालता येतं तिथं गहू ठेवायचे. जिथं पाय उचलून पळावंसं वाटतं तिथं खडा. खडे ठेवून झालेत, गव्हासाठीच थांबलो होतो."

मी पाहिलं. शाळेच्या आणि केंद्राच्या वाटेवर एका जागी खड्यांचा ढीग होता.

"हे काय आहे?" मी विचारलं. नौसा नावाची एक चिमुरडी म्हणाली, "काका, तो तुमच्या गिरणीचा ओटा."

माझा ओटा. तिथं गावातली पोरं दिवसभर चहा पीत बसायची. मी विसालकडे वळलो. "माझ्या ओट्यावरून तुला कोण हात लावतो?"

"हात कुणी लावत नाही, बाबा. बोलतात. चक्की चालू असते, तुम्हाला आत ऐकू येत नाही."

"मग मला सांगायचं नाही?"

तिनं खाली बघत विचारलं, "सांगितलं असतं, तर तुम्ही ओटा बंद केला असतात की माझी शाळा?"

मंडळी, उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही. मी गहू ठेवले आणि निघालो. दारापर्यंत बाई आल्या. मी म्हटलं, "बाई, चुकलो." त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी ओटा फोडला. पोरं म्हणाली, "काका, आता चहा कुठं प्यायचा?" म्हटलं, "घरी. आईसमोर. आणि बोलायचं तेही तिच्यासमोर." काहींचे बाप रागावले, एक हंगाम त्यांचे गहू दुसऱ्या गिरणीत गेले. मागणीला नकार कळवला. चुलतभाऊ दोन ईद माझ्याशी बोलला नाही. विसाल पुन्हा आठवीत बसली, सरळ रस्त्यानं जाऊ लागली. सध्या सोहागला परिचारिकेचं शिक्षण घेते. आज सुट्टी काढून आली आहे.

बाई आता निवृत्त होताहेत; त्यांच्या जागी पुढच्या महिन्यापासून कोण, हे अजून ठरलेलं नाही. अध्यक्षसाहेब, त्या दोन दुपारी बंद पडू देऊ नका. केंद्राच्या खोलीची डागडुजी गिरणीकडे लागली.

बाई, आपण आमच्या मुलींना खेळायला शिकवलंत, याबद्दल गावातर्फे आभार. पाहुण्यांचे आभार, आणि माझं लांबलेलं बोलणं ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचेही.

अशा वेळी शेवटी सभेची क्षमा मागायची रीत आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण बाईंनी जे सांगितलं होतं, ते मी सहा वर्षांत केलेलं नाही. ओटा फोडला, तोंडानं मात्र कधी बोललो नाही.

विसाल, बाळ, आईशेजारी बसली आहेस ती जरा इकडे बघ. तू घाबरत होतीस आणि ते मला सांगायचीही तुला भीती वाटत होती. ती चूक माझी होती. मला माफ कर.