नातीसाठी शिकलेली इंग्रजी

मी रोहण्याची. माहेर तेथीचं अन् सासर बी तेथीचंच, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली, तेवढाच माहा परदेश. नाव सुमन. शाळा चौथीवरक, मंग मायनं म्हटलं पुरे झालं, भाजी तोडाले हात लागतेत, तवापासून भाजीच करून राह्यली, वांगे, मेथी, पालक, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, तोडाचं, जुड्या बांधाच्या अन् सकाळच्या एसटीनं आर्वीच्या बाजारात नेऊन बसाचं.

एकच पोरगी होती, वंदना. काय सांगू तुम्हाले ताई, हुशार, अन् लबाड बी. आमच्याकडं भुलाबाई बसते ना, पोरी घरोघरी जाऊन गाणे म्हणतेत, अन् गाणे झाले का घरवाली खिरापतीचा डबा हलवते, आत काय आहे ते आवाजावरून ओळखाचं, मंगच खाचं. तर ही वंदी आमच्या घरच्या डब्यात कापूस कोंबे. शेंगदाणे असो का फुटाणे, आवाजच येऊ देत नसे. बाकीच्या पोरी चिडत अन् ही हासत बसे.

तिचं लग्न झालं, जवाई कंप्युटरवाला, दोघं कॅनडाले गेले. नात झाली, स्वरा. तीन वर्साची होती तवा एकडाव घेऊन आलते, भुलाबाईच्याच दिवसात. माह्या मांडीवर बसून डबा हलवे अन् म्हणे, आजी, फुताने. काही बी ठेवा, फुतानेच म्हणे. तवा मराठी बोले ताई ते, चांगली घडघडा बोले.

मंग वंदी गेली. पोटात गाठ निघाली म्हणे. तिचं शेवटचं मी फोनात पाह्यलं, जवायाच्या दोस्तानं फोन धरला होता, मधातच नेट गेलं, अन् परत आलं तवा सगळं होऊन गेलतं. मायनं आपल्या लेकीले असं पाहावं का, तुम्हीच सांगा. रडणं आलं तर माणूस कोणाच्या गळ्यात पडते, मी फोन घेऊन कुठी पडू.

जवायानं दुसरं केलं. माहं काही म्हणणं नाई, लेकराले पाहाले कोणी पाह्यजे, अन् बाई बी बरी आहे. जवाई माणूस सोन्यासारखा, दर रविवारी पोरीले फोनासमोर बसवते. पण पोरीची मराठी गेली. घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, मी विचारो बाई जेवली का, तर ते बापाच्या तोंडाकडं पाहे. मंग बाप तिले माहं सांगे अन् मले तिचं सांगे. मी म्हटलं, माह्या रक्ताच्या लेकराशी बोलाले मधात माणूस कायले पाह्यजे. मीच शिकते.

कशी शिकली म्हणता, फोनावर, दुसरं काय. बारक्या लेकराइचे गाणे राहतेत ना, गाय कशी बोलते, लाल रंग कोणता, तेच लावो. वावरात पाण्याच्या कॅनीले टेकवून फोन ठेवाचा अन् जुड्या बांधता बांधता त्याच्या मांगं म्हणत जाचं. नवरा म्हणे, वांग्याले कीड लागली, तिले बी इंग्रजीत सांग जाय म्हणून. बाजारात माह्या बाजूले इंदू बसते, मिरच्यावाली, ते तर मेमसाबच म्हणाले लागली. हासू द्या म्हटलं. गाण्यावरून कार्टूनावर गेली, कार्टूनावरून सैपाकाच्या व्हिडिओवर, तेथी मले फुटाण्याच्या चण्याचं नाव भेटलं, मंग गोऱ्या लोकाइच्या सिरियली. आधी नुसता कलकलाट वाटे, मंग एकेक शब्द सुटा होत गेला, मेथी निवडल्यासारखा. दोन पावसाळे गेले, पण मले समजाले लागलं. बोलणं कमी, समजणं जास्त.

जवायाले काही सांगतलं नाई. म्हटलं, भुलाबाईत सांगीन. त्या रविवारी नवं लुगडं नेसली, डब्यात फुटाणे घातले, कापूस नाई घातला, लेकराले ओळखाले सोपं जावं म्हणून. फोन लागला तशी मी डबा हलवला अन् फोनावरच्या त्या गाण्यातल्या बाईसारखा सूर काढून इंग्रजीत म्हटलं, ओळख बरं डब्यात काय आहे. मी बोलाले शिकली ते बारक्या लेकराइची इंग्रजी, अन् माही नात तवरक दहा वर्साची झालती, हे मले त्या वक्ती नाई सुचलं.

जवाई हासला, म्हणे, आई, वा, एक वाक्य पाठ केलं तुम्ही. पोरगी नाई हासली. ते बापाकडं वळली अन् इंग्रजीत भराभर बोलली. का बाबा, मले हिची यादच नाई, मले कायले दर रविवारी बसवता, अन् तो आवाज बंद कराले सांगा तिले.

सगळं समजलं ताई. एक शब्द नाई सुटला.

जवायानं माह्याकडं पाह्यलं अन् मराठीत सांगतलं, आई, ते म्हणते आजीची खूप याद येते. त्याचा काय दोष, त्यानं बिचाऱ्यानं गोड करून सांगतलं. मी डबा खाली ठेवला. इंग्रजीत हो म्हटलं, बाय म्हटलं. फुटाणे गल्लीतल्या पोराइले वाटून टाकले, त्याइनं न ओळखताच खाल्ले.

शिकलेलं टाकता येत नाई, नाईतर टाकलं असतं. न समजणारीच बरी होती मी, तवा ते काही बी बोलली का मले वाटे माह्यावर जीव लावून बोलून राह्यली. पोरीचा राग नाई, तिनं मले पाह्यलंच किती. पण जीव दुखते, ते दुखतेच.

फोन अजून दर रविवारी येते. वंदी डब्यात कापूस कोंबे तसं मी बी आतलं वाजू देत नाई. पोरगी काहीबाही बोलते, मी ऐकते, मंग जवाई मराठीत सांगते, आई, ते म्हणते तब्येत सांभाळा. मी म्हणते, बरं बावा, सुखी राहो माहं लेकरू, लय मोठं होवो. तिले सांगा, आजीले समजलं.