झाकणावरचं बोट

मथुराबाई: तेवढं झाकण बाजूला ठेवा, मिस्त्री. बाकीचं काय बुडवायचं ते बुडवा.

चन्नप्पा: अव्वा, झाकण सोडून कार्बोरेटर कसा साफ होणार?

मथुराबाई: वरनं पुसून द्या की. आमच्या मंद्रूपच्या मिस्त्रीनं तसंच दिलं.

चन्नप्पा: मग चक्की चालली का?

मथुराबाई: पायलीभर दळलं आन् धाप लागल्यागत बंद पडली. परत हँडल मारा, परत तेच. बायका दळण घेऊन दुसरीकडं जायला लागल्या. औंदा गावात लाइट आली, तवापासनं दीर, मानसिंग, मागं लागलाय. इंजिन मोडीत घाल, मी मोटर बसवतो म्हणतोय. मोटर मानसिंगची झाली की चक्कीबी तेचीच. मग मी काय, तेच्या दारात पीठ झाडत बसू?

चन्नप्पा: म्हणून तर सांगतोय, ह्या मशीनमधी घालू द्या.

मथुराबाई: हे मशीन व्हय? मला वाटलं दूध तापवायचं भांडं हाय.

चन्नप्पा: हसा, हसा. पुण्यात एका घड्याळवाल्यानं दुकान मोडलं, तेच्याकडनं आणलं. साबणाचं पाणी घालायचं, पार्ट सोडायचा, बटण दाबायचं. आतनं आवाज करतंय, आपल्या कानाला ऐकू येत नाही असला. तेनं पाण्यात बारीक बुडबुडं फुटत्यात. ब्रश जात नाही तिथला कीट निघतोय.

मथुराबाई: ऐकूच येत न्हाय तर आवाज कसला वो?

चन्नप्पा: आमच्या ह्या अख्ख्या भवानी पेठेनं मला हेच विचारलं.

मथुराबाई: आन् तार घालून?

चन्नप्पा: तारेनं भोक मोठं होतंय. मग रॉकेल पीत बसंल. हा पार्ट आता कुठं मिळत नाही, अव्वा. बिघडला की गेला. पण झाकणाला एवढं का जपताय? नुसता लाल राप बसलाय.

मथुराबाई: राप नका म्हणू. तेंचं बोट हाय ते. शेवटच्या खंडेनवमीला इंजिनाची पूजा केली आन् कुंकवाचं बोट ओढलं मालकांनी. दिवाळी काय बघितली न्हाय.

चन्नप्पा: त्याला तर वर्षं झाली. एवढं टिकलं?

मथुराबाई: टिकतंय कुटलं. मीच लावते वरनं, तेलात कालवून. दर शुक्रवारी, दार लावून.

चन्नप्पा: दार कशाला लावायचं?

मथुराबाई: विधवा बाईनं कुंकवाला हात लावला तर गाव गप बसंल व्हय? कपाळाला न्हाय लावलं मी. इंजिनाला लावलं.

चन्नप्पा: अव्वा, जरा उजेडाला या. झाकणाला बारीक भोक हाय, दिसतंय का?

मथुराबाई: न्हाय बा.

चन्नप्पा: दिसणार नाही. बुजलंय. हितनं हवा आत जाती. ती गेली नाही तर रॉकेल पुढं सरकत नाही. आणि हे आतलं जेट बघा, रॉकेल सोडायची बारीक नळी, तेच्या तोंडातबी लालच.

मथुराबाई: गंज चढला म्हणायचा.

चन्नप्पा: गंज नाही हो.

मथुराबाई: म्हंजी... मीच बंद पाडलं? आन् मी दिराला शिव्या घालत हुते, तेनंच आत काय तरी टाकलं म्हून.

चन्नप्पा: तुमी काय मुद्दाम केलं? पण झाकण आत जाणार. बोट राहणार नाही, आधीच सांगतो. मागनं मला बोलायचं नाही.

मथुराबाई: तळातलं? तेंच्या हातचं पहिलं, तेबी?

चन्नप्पा: सगळंच.

मथुराबाई: द्या जरा हिकडं... लई जिवावर येतंय, मिस्त्री. घ्या. सोडा पाण्यात.

(चन्नप्पा बटण दाबतो. पाण्यात बुडबुडे फुटल्याची तेवढी बारीक चिरचिर ऐकू येते.)

मथुराबाई: अगं बया! धूर सुटल्यागत लाल निघालं की.

चन्नप्पा: बघू नका. चहा सांगतो.

मथुराबाई: राहू द्या चहा. जातंय तर बघू द्या मला.

चन्नप्पा: ...झालं. धरा आता उजेडाला.

मथुराबाई: व्हय की! भोकातनं पलीकडचा रस्ता दिसतोय.

चन्नप्पा: आज बसवा. बाजाराच्या दिवशी चक्की चालू. आणि कुंकू लावायचंच असंल तर मोठ्या चाकाला लावा, तिथं भोक नाही.

मथुराबाई: चाक फिरलं की उडून जाईल वो.

चन्नप्पा: जाणारच.

मथुराबाई: जाऊ द्या. परत लावीन. दार उघडं ठिवून.