आरशासमोरची पंगत

आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर सलीलराव, मंचावर माझ्या शेजारी बसलेल्या संपादक रबियाबाई, आजचे सत्कारमूर्ती वाउटर डेकर, मारेइकेवहिनी, आणि पार खैरानहून गाडी हाकत आलेल्या रसिक मित्रमैत्रिणींनो, सर्वांना सविनय नमस्कार. मी मराठीतच बोलणार. जुईली वाउटररावांच्या कानाशी भाषांतर करते आहे. माझं पाल्हाळ तिने तिथेच गाळावं.

मारेइकेवहिनी चौऱ्याण्णव साली इथे आखातात, आमच्या तेल कंपनीत आल्या, आणि पाठोपाठ हे उंच गृहस्थ, त्यांचे यजमान, सबाह अल-सालेम वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. रॉटरडॅममध्ये यांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने निघणाऱ्या चित्रकथा शाईने रेखाटल्या. चित्रं यांची, सही भलत्याची. शाळेत आम्ही कवितेखालचं कवीचं नावही कवितेइतक्याच प्रेमाने म्हणत असू. वीस वर्षं लिहायचं आणि खाली आपलं नाव नाही, कसं वाटत असेल हो?

मग रबियाबाईंनी त्यांच्या अरबी बालमासिकात यांना दोन पानं दिली. स्वतःची, नावानिशी! कथा कोणाची? वरच्या मजल्यावरचा उंच परदेशी आणि खालच्या मजल्यावरचं भारतीय कुटुंब. म्हणजे आम्हीच की.

पहिला अंक आला. शैला, आमची सौभाग्यवती, चष्मा लावून बघते तो काय! "अहो, चटणी उजवीकडे? भाजी डावीकडे? वाढलंय कोणी हे?"

"तूच," मी म्हटलं. चित्रात तीच वाढत होती, आणि सगळी पंगत डाव्या हाताने जेवत होती.

झालं होतं असं, की अरबी वाचायची उजवीकडून, आणि वाउटररावांची चित्रं डावीकडून चालणारी. म्हणून छापखान्याने पानंच आरशातल्यासारखी उलटवली. डाव्या हाताचा घास इथे कोणाला खपणार? पालकांचे फोन सुरू झाले. पुढच्या अंकातही असंच आलं तर पानं बंद, असं बजावायला रबियाबाई स्वतः आल्या. बाई, आज तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुमचा आवाज खालच्या मजल्यावर येत होता!

"मग उजवीकडूनच काढा की," मी सुचवलं.

"डोळ्याची सवय जात नाही," वाउटरराव त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "उलटं काढलं की हसू आधी येतं आणि कारण मागून."

मला पटलं. कविता शिकवताना आमचे गुरुजी म्हणत, श्वास कुठे घ्यायचा ते ओळ ठरवते. चित्रांच्या चौकटींचंही तसंच असावं.

यांचा उपाय असा, की मुळातच सगळे डावखुरे काढायचे, म्हणजे उलटून छापले की उजवे होतील. पण तसं जेवताना मनगट कसं वळतं, ते बघायला हवं. "शैलाताई, एकदाच सगळे डाव्या हाताने जेवाल?"

"माझ्या घरात? अन्नाला डावा हात? खड्ड्यात गेलं तुमचं मासिक!"

बिचारे जिना चढू लागले. एवढा उंच माणूस, पण पाठ पार वाकलेली. शैलाने ती पाठ पाहिली. "अहो, थांबा. आमच्या कपाटाला आरसा आहे ना?"

ते कपाट आम्ही दिवाणखान्यात ओढलं. मंडळातली चार कुटुंबं आरशासमोर बसून उजव्या हाताने वरणभात जेवली, आणि हे आमच्याकडे पाठ करून, आरशात बघत, चित्रं काढत राहिले. त्या पंगतीतल्या सुखदावहिनी म्हणाल्या, "मीठ हवं असेल तर आरशाला सांगायचं का?"

पुढच्या अंकात चटणी डावीकडे आली, घास उजव्या हातात आला. पानं टिकली, मुलं ती वाचत मोठी झाली. वर अरबीत यांचं नाव असे. खालची सही मात्र दर अंकात उलटीच छापली जाई. त्याबद्दल यांनी कधी तक्रार केली नाही.

आता रॉटरडॅमला या चित्रांचं पुस्तक निघतंय. तिथे मूळ चित्रं जशीच्या तशी छापणार. म्हणजे हॉलंडात आपण सगळे डावखुरे! गेल्या शुक्रवारी वाउटरराव अवघडून विचारायला आले, "शैलाताई, एकेक चौकट जागच्या जागी उलटवून घेऊ? सही उलटी येईल, तेवढंच."

शैला स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "नको. आमचे हात राहू देत डावे. तुमचं नाव सरळ येऊ दे."

वाउटरराव, मारेइकेवहिनी, आता कायमचे रॉटरडॅमला निघालात, सुखाने जा. मंडळाने बोलायला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द लागला असेल, तर या म्हाताऱ्याचं बोलणं पोटात घाला. नमस्कार.